मुक्याने आणलेली गौर

॥ श्री ॥

ओरसंगकाठचं आपलं घर
गोपाळकाल्याचा दुसरा दिवस

प्रिय मोहनाताई,

कागद बघून हसू नकोस. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं आहेत. पाठ कोरी असताना नवा कागद कशाला आणायचा? फोन केला असता, पण फोनवर मी गावाचं नाव काढलं की तुला गॅसवरचं दूध आठवतं. "उतू जाईल गं," म्हणतेस आणि ठेवतेस. इतकं दूध बडोद्याच्या अकोट्यात कोण तापवतं, ताई? म्हणून पत्र. पत्र मधेच बंद करता येतं, पण ते टेबलावर पडून राहतं आणि येता-जाता दिसतं. मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. तू एकदा इथे ये. दादांनी तुला शिकायला बडोद्याला नागरवाड्यात आत्याकडे ठेवलं, त्यानंतर तू या गावात पाऊल टाकलेलं नाहीस. आई-दादा शेवटी आमच्याकडे कोयलीला, रिफायनरीच्या क्वार्टरमध्येच राहिले आणि तिथूनच गेले, त्यामुळे तुला इथे यावं लागलंही नाही. का येत नाहीस ते आपण दोघी कधी बोललो नाही. आज बोलणार आहे. आधी खुशाली लिहिते, म्हणजे तुलाही दम घेता येईल आणि मलाही.

मी इथे सुखात आहे. हे लिहायला लाज वाटते, कारण नवरा गेल्यावर बाईने सुखात आहे असं लिहू नये, असं मनात कुठेतरी बसलेलं आहे. हे गेल्यावर शुभंकर म्हणाला, "आई, तू माझ्याकडे बंगळूरला चल." गेले होते. चांगली सून, चांगलं घर, पण सकाळी उठून मी काय करायचं हे मला कळेना. देवपूजा झाली की दिवस नुसता उभा राहायचा. मग म्हटलं, दादांचं घर कुलपात सडतंय, जाऊन बघू तरी. बघायला म्हणून आले आणि राहिले. पत्रे बदलले, मागची भिंत लिंपून घेतली, हातपंपाला नवं चामडं घातलं. गवार, तुरिया, भेंडी अंगणात लावली. तू चिडवायचीस ना, मी जन्मतःच हिशेबाची वही घेऊन आले म्हणून? अजून रोज लिहिते. पण संध्याकाळी वही उघडते, दुधाचा आकडा टाकते आणि मिटते, बाकी लिहायला काही नसतंच. पेरू झाडावरचे, पाणी जमिनीतलं, गप्पा फुकट. सकाळी जप करताना ओट्यावर ऊन येतं, ते गुडघ्यापर्यंत चढलं की माझी माळ संपते. इतकं सोपं जगता येतं हे कोयलीत चाळीस वर्षं कुणी सांगितलं असतं तर मी यांना घेऊन आधीच आले असते.

गावात अजूनही आपल्याला "दक्षणी मास्तरनुं घर" म्हणतात. मास्तर जाऊन इतकी वर्षं झाली, पण पत्ता तोच. मराठी घर तेव्हाही आपलं एकटं होतं, आताही मी एकटी. समोरची मणिबा आठवते? तंबाखूचं शेत होतं त्यांचं, नदीच्या वाटेला लागून. ती अजून आहे. डोळ्याने कमी दिसतं, दात नाहीत, पण जीभ तशीच. रोज दुपारी छींकणीची, म्हणजे तपकिरीची, डबी घेऊन येते, माझा चहा पिते आणि वर म्हणते, "मास्तरनी छोकरी, चामां खांड नाखतां तारो जीव केम जाय छे?" आता साखर घालताना माझा जीव जातो हे खरंच आहे, पण तिला मधुमेह आहे हे तिलाच आठवत नाही, त्याला मी काय करू? मी म्हणते, "बा, तुमच्या तब्येतीसाठी." ती म्हणते, "मारी तबियत? तारी कंजूसी!" मग दोघी हसतो. सांगायचं काय, की मी एकटी नाही.

आणि एकटी नाही, हे दुसऱ्या अर्थानेही खरं आहे. हे मी शुभंकरला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो उद्याच तिकीट काढून मला न्यायला येईल. तुला सांगते, कारण तुला सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. तिन्हीसांजेला मी दिवा लावते, तेव्हा कुंपणापलीकडे, नदीच्या वाटेवर, घंटा वाजते. मोठी नव्हे, पूजेतली लहान घंटा असते ना, तशी. थोडी वाजते, थांबते, पुन्हा वाजते, जशी एखाद्या कंटाळलेल्या पोरीच्या हातात दिलेली असावी. पहिल्यांदा वाटलं, रबाऱ्याच्या बकऱ्या असतील. बाहेर जाऊन बघितलं. त्याच्या बकऱ्या तळ्याकडून जातात, या वाटेला येतच नाहीत. देवळाची म्हणावी तर देऊळ दुसऱ्या टोकाला. मग मी बघायला जायचं सोडलं. भीती नाही वाटत, ताई. पहिले काही दिवस वाटली, हातातली निरांजनाची वात विझली इतकी वाटली. आता आवाज आला की मी हात जोडून नुसतं म्हणते, ये गं.

घंटा कुठली ते तुला विचारायला नको.

ती या घरातच आहे. देव्हाऱ्याच्या खालच्या फडताळात आई-दादांनी जे ठेवलं होतं ते तसंच होतं. गौरीचं ताम्हन, चंदनाचं खोड, आणि ती घंटा. तिची जीभ आईने साडीच्या काठाच्या चिंधीने गच्च बांधून ठेवली आहे, वरून सुतळी. तेव्हापासून या घरात आरतीला घंटा वाजली नाही, आपण टाळ्या वाजवायचो. लहानपणी मला वाटायचं, सगळीकडे टाळ्याच वाजवतात. लग्न होऊन सासरी गेल्यावर पहिल्या आरतीला सासूबाईंनी हातात घंटा दिली आणि मला ती हलवताच येईना. सासूबाईंना वाटलं, माहेरचं वळण नाही.

मी तेव्हा सहा वर्षांची होते, तरी मला तो दिवस आठवतो. तुला वाटत असेल आनंदीला काय कळत होतं. मला सगळं आठवतं. आपल्याकडे खड्याच्या गौरी. नदीवरून खडे आणायचे, कुमारिकेने नाहीतर सवाष्णीने आणायचे, ताम्हनात घेऊन घरापर्यंत मुक्याने यायचं, आणि मागे वळून बघायचं नाही. वळलं की गौर परत जाते. पुढे खडे घेऊन तू, मागे घंटा वाजवत आपली मधली, नयना. मला न्यायचं नाही कारण मला बडबडल्याशिवाय राहवत नसे. त्याच्या आदल्या वर्षी नयनाने मुद्दाम घंटा थांबवली होती, तू वळावंस आणि ताम्हन तिच्या हातात यावं म्हणून. तू वळलीस. आईला कळलं. तिने तुला दारातून परत नदीवर पाठवलं, नवे खडे आणायला, एकटीला, आणि जेवायला बसेपर्यंत तुझ्याशी बोलली नाही. नयनाला काही नाही, ती लहान. तू मोठी ना.

आणि त्या वर्षी तू आलीस. मी दारात दूधपाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. आईच्या हातात कुंकवाचं पाणी, पावलं उमटवायला. तुझे दोन्ही हात ताम्हनाला, मान ताठ, ओठ आवळलेले. डोळे मात्र भरून आलेले होते, कशाने ते कुणाला कळलं नाही. मागे घंटा नव्हती. आईने बघितलं, हसली आणि म्हणाली, "रेंगाळली ना ती? शाबास गं. या वेळी वळली नाहीस ना?" आणि तू मान हलवलीस. नाही. मला तुझी ती हललेली मान आजही दिसते. मग आईने तुझे पाय धुतले, पावलं काढली, "गौर आली, सोन्याच्या पावलांनी आली" म्हणत तुला घरभर फिरवलं, धान्याची कणगी दाखवली, दुधाचं भांडं दाखवलं. खडे पाटावर ठेवले तेव्हा तुझं मुकेपण सुटलं आणि तू पहिला शब्द बोललीस तो नयनाचं नाव.

वरच्या अंगाला पाऊस झाला होता, नदी चढलेली होती. घंटा काठावरच्या दगडावर नीट उपडी ठेवलेली सापडली. कुणी ढकललं नाही, कुणी ओढलं नाही. तिने स्वतः ठेवली आणि ती खाली उतरली. कशाला, ते देवाला ठाऊक. एखादा खडा आवडला असेल. तिला रंगीत खडे आवडायचे.

दिवाळी यायच्या आत तुला बडोद्याला पाठवलं. तू काय समजलीस ते मला नागरवाड्यात तुझ्या लग्नात कळलं. हळद लावताना तू मला म्हणालीस, "आईला माझं तोंड बघवत नव्हतं, म्हणून मला लांब ठेवलं." मला वाटलं, असेल तसंच. आई तुझ्याकडे नागरवाड्यात यायची, लाडू आणायची, केस विंचरायची, पण नयनाचं नाव तिने तुझ्यापुढे कधी घेतलं नाही, आणि आमच्यापुढेही नाही. गौरी मात्र बंद केल्या नाहीत. त्या वर्षापासून खडे आणायला ती स्वतः जायची, एकटी. मला म्हणायची, "तू चुलीजवळ बस, आळूची भाजी ढवळ." ती दारात यायची तेव्हा गप्प असायची, ओठ मिटलेले. आत आल्यावर बोलायला लागली की तिचा आवाज बसलेला असायचा. मला वाटायचं, पहाटेच्या गारव्याने बसला. आणि एक गोष्ट मी तेव्हा बघितली होती, पण तिचा अर्थ लावला नाही. दारापासून पाटापर्यंत ती कुंकवाची पावलं काढायची ना, तर मोठ्या पावलांच्या मागे लहान पावलंही काढायची. मला वाटलं, गौरी दोन असतात, थोरली आणि धाकटी, म्हणून असतील.

या आषाढात मणिबा अशीच चहा प्यायला बसली होती. मी म्हटलं, "बा, गौरी यायच्या, पण मी विधवा, मला आणता येणार नाहीत." ती छींकणी ओढायची थांबली आणि म्हणाली, "तारी बा लावती एम तो कोई न लावे." तुझी आई आणायची तशी कुणीच आणणार नाही. मी विचारलं, म्हणजे कशी? तर म्हणाली, "आखे रस्ते बोलती आवे, ने वळी वळीने पाछळ जुए." सगळ्या वाटेने बोलत यायची, वळून वळून मागे बघायची. मी म्हटलं, बा, तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल सांगताय, आमच्यात गौर मुक्याने आणतात. ती चिडली. डोळे गेलेत, डोकं गेलेलं नाही, म्हणाली. त्यांच्या शेताच्या बांधावरून दर वर्षी दिसायचं. आई ताम्हन घेऊन नदीवरून चढायची, दोन पावलं चालली की थांबायची, पूर्ण वळून मागे बघायची, मोठ्याने काहीतरी बोलायची आणि मग पुढचं पाऊल टाकायची. घराच्या कुंपणापर्यंत असं. शेतातल्या बायका म्हणायच्या, मास्तरणीच्या डोक्यात फरक पडला. मणिबाने त्यांना गप्प केलं होतं. मी विचारलं, काय बोलायची? "ए तो तमारी बोली, मने शुं समजाय," म्हणाली. आणि मग ताई, अर्थ न कळता पाठ झालेलं भजन म्हणावं तसं ती दात नसलेल्या तोंडाने म्हणाली, "आलीस का गं? हळू ये. मी थांबलेय." त्या गुजराती म्हातारीच्या तोंडून, आईच्या हेलासकट. माझ्या हातातली बशी खाली पडली. मला चिडवायला तिने बशीची किंमतही विचारली नाही, यावरून काय ते समज.

आपली आई कोण होती ते तुला माहीत आहे. उपासाच्या दिवशी ओट्यावर कांद्याचं साल दिसलं तर ओटा धुणारी. सोवळ्यात कावळा शिवला तर पुन्हा आंघोळ. ती बाई दर वर्षी देवाच्या वाटेवर, हातात देव घेऊन, देवाचा नियम मोडत होती. मला वाटतं, ती ते नयनासाठी करत होती. पण फक्त नयनासाठी नाही. ज्या गोष्टीबद्दल तिने तुला शाबास म्हटलं होतं, ती गोष्ट ती दर वर्षी पुसत होती. तुझ्या तोंडावर सांगायला तिची जीभ उचलली नाही, म्हणून वाटेवर सांगत होती.

तुला का पाठवलं, तेही मी मणिबाला विचारलं. इतकी वर्षं सांगितलं का नाही, म्हटलं, तर म्हणते, "कोईए पूछ्युं ज क्यां?" कुणी विचारलंच कुठे? नयना गेल्यावर तू शाळेतून आलीस की दप्तर ठेवून नदीवर जाऊन उभी राहायचीस. एकदा मणिबाच्या सासऱ्याने तुला घोट्याएवढ्या पाण्यातून परत आणलं. हे तुला आठवतं का, मला माहीत नाही. त्या दिवशी आई मणिबाच्या ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "आने अहीं राखीश तो ए पण जशे." हिला इथे ठेवलं तर हीही जाईल. म्हणून नागरवाडा, ताई. नदी नसलेलं घर. तोंड बघवत नव्हतं म्हणून नाही. ते तोंड बघायला मिळत राहावं म्हणून.

हे मी आषाढातच लिहायला हवं होतं. लिहायला बसायची आणि वाटायचं, या वयात जुनी जखम कशाला उघडायची, तू सुखात असशील. मग परवा आकांक्षाचा फोन आला. ती रडत होती. तुझी लेक सहसा रडत नाही. म्हणाली, "मावशी, आई आता बरंच विसरायला लागली आहे. डॉक्टर म्हणतात, वाढत जाईल. बाबांचं नाव एकदा चुकली. आणि बागेत फिरायला नेलं की दर दोन पावलांनी थांबते आणि मागे वळून बघते. काय बघतेस विचारलं तर सांगत नाही. बाबा म्हणतात, पूर्वी कधी असं करत नव्हती." तिला कळत नाही, तू काय बघतेस. मला कळतं. आईही तेच बघायची, त्याच प्रकारे, इकडच्या वाटेवर. तुम्ही दोघी एकाच पोरीला वळून बघताय आणि एकमेकींना माहीतच नाही.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून आत्ताच, तुला ओळखीचं ओळखू येतंय तोवर. गौरी जवळ आल्या. आपल्या रीतीत मला गौर आणता येत नाही, तुला येते, तुझं कुंकू शाबूत आहे. आकांक्षा म्हणते, मावशी, हे आता कोण पाळतं? पण मी तुला एक नियम मोडायला बोलावते आहे, सगळे एकदम मोडले तर देवाला काय तोंड दाखवू? तुझे मुकुंदराव गाडीने सोडतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. नदीला आता दगडी पायऱ्या आणि कठडा आहे, पाण्यात उतरावं लागत नाही. खडे मी वेचून देईन, ताम्हन तू धर. आणि ताई, मुक्याने येऊ नकोस. वाटेल ते बोलत ये. मागे वळून बघत ये, जितक्यांदा वाटेल तितक्यांदा. घंटेची चिंधी मी सोडलेली नाही, ती तू सोड. मग मी ती वाजवत तुझ्या मागून येईन. मी थकले, थांबले, घंटा बंद पडली, तर वळ. मी तिथे असेन. दोघी असू कदाचित.

तुझ्या मागून येणारी,
तुझीच
आनंदी